गोव्यातून वैमानिक व्हायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

सत्तरीची घार

बारावीचा निकाल लागला की मला व्यनि (खासगी निरोप) यायला लागतात. बहुतेक डिचोली, पेडणे, फोंड्याकडच्या पालकांचे. मुलगी पायलट व्हायचं म्हणते, गोव्यात दोन-दोन विमानतळ आहेत, मग इथेच कुठे शिकता येईल का? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा धागाच काढते. मी मूळची वाळपईची. व्यावसायिक परवाना काढला आणि आता घाटावरच्या एका उड्डाण संस्थेत शिकवते. संस्थेचं नाव इथे देणार नाही, धाग्याची जाहिरात व्हायला नको.

दाबोळी काय किंवा मोपा काय, रोजच्या शिकाऊ उड्डाणांसाठी दोन्ही गैरसोयीचे आहेत. दाबोळी हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. तिथे नागरी विमानांनाच वर्षानुवर्षं कामाच्या दिवशी सकाळचे काही तास बंद असायचे, कारण त्या वेळी नौदलाचा सराव चाले. मोपा जानेवारी २०२३पासून सुरू झाला, पण तो प्रवासी विमानांसाठी. आता शिकाऊ वैमानिक करतो काय, ते बघा. त्याचा बराचसा वेळ सर्किटमध्ये जातो. उडायचं, जमिनीपासून हजार फुटांवर जायचं, धावपट्टीला समांतर उलटं यायचं, दोनदा वळून उतरायचं आणि चाकं टेकली की लगेच पुन्हा उडायचं. तासाभरात हे पाच-सहा वेळा. एअरबसच्या मागे तिच्या पंखांमुळे हवेत भोवरे राहतात, म्हणून तिच्या पाठोपाठ उतरणाऱ्या हलक्या विमानाला तीन मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं. जिथे एकामागून एक प्रवासी विमानं येतात तिथे आमच्या सेसनाने घिरट्या कुठे घालायच्या?

म्हणून आपली मुलं बाहेर जातात. बारामती, गोंदिया, जळगाव, नागपूर, बंगळुरूचं जक्कूर, रायबरेलीजवळचं फुरसतगंज. आपल्याला सगळ्यात जवळ बेळगाव. एअरपोर्ट अथॉरिटीने २०२१मध्ये ज्या पाच विमानतळांवर उड्डाण संस्थांना जागा दिल्या त्यात बेळगावचा सांबरा विमानतळ होता. साखळीहून चोर्ला घाट चढलं की पोचलोच.

नियम थोडक्यात. विद्यार्थी परवाना १६व्या वर्षी मिळतो, दहावी पास हवं. खासगी परवाना १७व्या वर्षी, किमान ४० तास उड्डाण. व्यावसायिक परवाना १८व्या वर्षी, २०० तास आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स. या २०० तासांतले १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून उडवलेले असावे लागतात. त्यात ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवास येतो, रात्रीची उड्डाणं येतात. लेखी परीक्षांत नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषय. पास व्हायला ७० टक्के. रेडिओच्या परवान्याची परीक्षा वेगळी.

आता ज्यासाठी धागा काढला ते. एक रुपयाही भरण्याआधी दोन गोष्टी करा.

पहिली, वैद्यकीय तपासणी. आधी क्लास टू (प्राथमिक), मग क्लास वन (व्यावसायिक परवान्यासाठीची, जास्त कडक). डोळे, कान, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त, सगळं बघतात. चष्मा चालतो, ठरावीक मर्यादेपर्यंत. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र अडतं, आणि तो दोष मुलाला स्वतःला अठरा वर्षं कळलेलाही नसतो. फी भरून झाल्यावर हे कळलं तर घराचं काय होतं ते मी पाहिलं आहे. क्लास वन हातात आलं की मगच संस्थेची पायरी चढा.

दुसरी, ज्या संस्थेत जायचं तिथे दोन दिवस नुसते जाऊन उभे राहा. सकाळी सहाला पोचा. कचेरीत चहा देऊन माहितीपत्रक दाखवतील, ते राहू द्या. हँगरकडे बघा. विमानं किती आहेत यापेक्षा दिवसभरात उडाली किती ते मोजा. एखाद्याचं इंजिन काढून ठेवलंय का, टायर बसलेत का, पंखावर धूळ आहे का. कॅन्टीनमध्ये मुलांना विचारा की मागच्या महिन्यात प्रत्येकाचे किती तास झाले. शिक्षक किती, त्यातले कायमचे किती. २०० तास वर्ष-सव्वा वर्षात होऊ शकतात, आणि त्यालाच तीन वर्षंही लागू शकतात. फरक पडतो तो याच गोष्टींनी.

विचारा काय विचारायचं ते.

आबोली_फोंडा

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझा मुलगा यंदा बारावी झाला, फिजिक्स-मॅथ्स आहे. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकला, इंग्रजी बोलताना अजून थोडा अडखळतो. रेडिओवर सगळं इंग्रजीत बोलावं लागतं म्हणतात. त्याला जमेल का? आणि एकूण खर्च किती धरायचा? आमचं बाजारात लहानसं दुकान आहे.

सत्तरीची घार

आबोलीताई, मीही मराठी शाळेतलीच. रेडिओवरचं बोलणं ठरलेलं असतं. कोणाला बोलावताय, तुम्ही कोण, कुठे आहात, काय हवंय. टॉवरने, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रकाने, सांगितलेलं तसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. त्यात फर्ड्या इंग्रजीचं काम नाही, स्पष्ट आणि थोडक्यात बोलणं महत्त्वाचं. पुढे आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या) मोजपट्टीवर इंग्रजीची चौथी पातळी लागते. मुलाने रोज अर्धा तास मोठ्याने वाचलं आणि आकडे एकेक सुटे म्हणायची सवय केली तर सहा महिन्यांत फरक दिसेल. अडखळणारी मुलं मी पुष्कळ शिकवली. एकदा ऐकायचा कान तयार झाला की तोंड आपोआप सुटतं.

खर्चाचं स्पष्ट सांगते. भारतात व्यावसायिक परवान्यापर्यंत साधारण ४५ ते ६० लाख धरा. राहणं-जेवण, परीक्षा शुल्क, गणवेश, हेडसेट यातलं काय त्यात येतं ते लेखी घ्या. त्यानंतर एअरबस किंवा बोईंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याचं प्रशिक्षण, त्याचे वेगळे दहा-पंधरा लाख किंवा जास्तच. फी एकरकमी कधीच भरू नका. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते पाडून घ्या. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी कर्जयोजना आहे, बँकेआधी तिथे जाऊन विचारा.

गणित_मास्तर

विरोधासाठी विरोध नाही, पण पालकांनी हेही वाचावं. एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेज बंद पडली. २०२०मध्ये कोविड. मे २०२३मध्ये गो फर्स्ट थांबली. प्रत्येक वेळी हजारो तास उडवलेले कॅप्टन बाजारात आले. दोनशे तासांच्या नवख्या मुलाला अशा वेळी कोण विचारणार? साठ लाखांचं कर्ज, व्याज सुरू, आणि मुलगा घरी. छोट्या दुकानदाराने राहतं घर तारण ठेवून हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सत्तरीची घार

मास्तर, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. राहतं घर तारण ठेवून या क्षेत्रात येऊ नका. विमान कंपन्यांची भरती लाटेसारखी असते, आणि तुम्ही परवाना घेऊन बाहेर पडाल तेव्हा भरती असेल की ओहोटी हे आज कोणीच सांगू शकत नाही. मी पालकांना म्हणते, परवाना मिळाल्यावर दोन वर्षं नोकरी लागली नाही तरी हप्ते भरता येतील का, एवढं कागदावर मांडा. येत असतील तर या. नसतील तर आधी पदवी करा. व्यावसायिक परवान्याला वयाची घाई नाही, पंचविशीतही सुरू करता येतं.

मधल्या काळात शिक्षक म्हणून काम करणं हाही एक मार्ग आहे. माझं मन तिथेच रमलं.

डाऊनविंड

"दोन दिवस उभे राहा" याला शंभर वेळा अनुमोदन. मी ज्या संस्थेत होतो तिथे माहितीपत्रकावर विमानांची मोठी रांग होती, उडण्याच्या स्थितीत असायची दोन. एकाची तपासणी निघाली की दुसऱ्यावर सगळे तुटून पडायचे. ठरावीक तासांनी विमान तपासणीला जाणारच, तो नियमच आहे आणि तो असायलाच हवा, पण सुटे भाग वेळेवर मागवलेले नसायचे. मुलं उड्डाणांच्या फलकाकडे बघत बसायची. महिना उलटून गेला की हात विसरतो, मग आधीचा धडा परत, त्याचे पैसे परत.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा करारातलं एक कलम दाखवलं. म्हणून करार घरी आणा, ओळखीच्या वकिलाला दाखवा, संस्थेच्या कचेरीत बसून सही करू नका. २०२५पासून डीजीसीए (नागरी उड्डाणांवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा) उड्डाण संस्थांची श्रेणी जाहीर करतं, तीही बघा.

मांद्रेकर

माझा प्रश्न वेगळा. वय ४७, चष्मा आहे, नोकरीसाठी नाही, केवळ हौस. लहानपणापासून डोक्यावरून विमान गेलं की मान वर जाते. या वयात सुरू करता येईल का?

सत्तरीची घार

नक्की. खासगी परवान्याला क्लास टू मेडिकल पुरतं आणि वयाची वरची मर्यादा नाही. तासाला दर ठरलेला असतो, त्यामुळे आपल्या ऐपतीने पुढे जाता येतं. फक्त आठवड्यातून एकदा तरी यावं लागेल. महिन्यातून एकदा येणाऱ्याचे ४० तासांचे ७० होतात.

त्याआधी चव घ्यायची असेल तर पुण्यात हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे. इंजिन नसलेलं विमान. सध्याचं वेळापत्रक विचारूनच जा. ज्याने आधी ग्लायडर उडवलाय त्याचे पाय रडरवर (शेपटीवरच्या सुकाणूच्या पायपट्ट्यांवर) आपोआप चालतात, हे मी शिकवताना पाहिलं आहे.

दर्यावर्दी

बाय, छान लिहितेस. मी हंसावर विमानांच्या देखभालीत होतो, आता निवृत्त, वास्कोला असतो. थोडं जुनं सांगतो.

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगिजांनी पन्नासच्या दशकात केली. डिसेंबर १९६१मध्ये आपल्या कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले, गोवा मुक्त झाला आणि पुढे तळ नौदलाकडे आला. म्हणून इथल्या आकाशावर पहिला हक्क नौदलाचा, त्याबद्दल कोणी मनात राग धरू नये. नौदलाची सी हॅरियर लढाऊ विमानं २०१६पर्यंत इथून उडत होती. मुलांना बोगमाळ्याच्या वाटेवरच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात घेऊन जा. १९९८पासून आहे. सुपर कॉन्स्टेलेशन, अलिझे, सी हॉक सगळी उघड्यावर उभी आहेत. नुसते फोटो काढून येऊ नका. पंखांच्या मागची हलणारी पाती, चाकांचे दांडे, पुढची नळी असं एकेक दाखवा.

आणि खारी हवा. समुद्राकाठी अॅल्युमिनियम खाल्लं जातं. आम्ही विमानं गोड्या पाण्याने धूत असू. लहान शाळेला तो खर्च आणि ती शिस्त झेपायला हवी. घाटावर शिकायला जाण्याचा हाही एक फायदा.

सत्तरीची घार

काका, तुम्ही त्या नळीचं नाव काढलंत म्हणून उड्डाणापूर्वीच्या तपासणीबद्दल लिहिते. माझ्या मते चांगला वैमानिक तिथेच ओळखू येतो.

आम्ही विद्यार्थ्याला विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारायला लावतो, हात लावून. पंखाखाली पेट्रोलच्या टाकीला एक छोटी झडप असते. तिथे पारदर्शक पेला दाबायचा की थोडं पेट्रोल त्यात येतं. आमचं एव्हगॅस फिकट निळं असतं. पेला उजेडाकडे धरायचा. पाणी असेल तर ते जड म्हणून तळाशी बसतं, आणि वरचा निळा व खालचा बिनरंगी यांच्यामध्ये रेघ दिसते. ती रेघ दिसली की पुन्हा काढायचं, ती जाईपर्यंत. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर राहिली तर आतल्या दमट हवेचं पाणी होतं, म्हणून संध्याकाळी टाक्या भरून ठेवतात.

मग पिटो ट्यूब. पुढून येणाऱ्या हवेच्या दाबावरून विमानाचा वेग दाखवणारी ती नळी. कोकणात आणि घाटावर कुंभारीण माशी कुठलंही भोक दिसलं की चिखलाने बुजवते. नळीवर झाकण घालायला विसरलं तर एका दुपारीत घर बांधून मोकळी. मग धावपट्टीवर विमान पळतंय आणि काटा शून्यावर. म्हणून पळायला सुरुवात केली की वेगाचा काटा जिवंत झाला का ते मोठ्याने म्हणायचं. नाही झाला, तर इंजिन कमी करून थांबायचं. तेव्हाच धावपट्टी पुरेशी शिल्लक असते.

चष्मिस_म्हापसा

मी मुलगी, अकरावी कॉमर्सला आहे. माझं काय?

सत्तरीची घार

बाळा, फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून देता येतात. बरीच मुलं तसं करतात. बारावी कॉमर्स नीट पूर्ण कर, सोबत हे दोन दे. आणि तुला कोणी मुलीचं काम नाही असं म्हटलं तर सांग, १९८५मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फक्त महिलांचे कर्मचारी असलेलं फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला नेलं होतं. आज प्रवासी विमानांत महिला वैमानिकांचं प्रमाण भारतात जगाच्या सरासरीपेक्षा खूप जास्त आहे.

वाळपईकर

गाववाली भेटली, आनंद झाला. एक शंका. पावसाळ्यात उड्डाणं बंदच असतात का? जूनमध्ये प्रवेश घ्यावा की ऑक्टोबरमध्ये? आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी विमानं उभी का असतात? ऊन तर लख्ख असतं.

सत्तरीची घार

या प्रश्नाची वाटच बघत होते, कारण आपल्याकडच्या मुलांचं वेळापत्रक यावरच ठरतं.

शिकाऊ वैमानिक बाहेर बघून उडतो. त्यासाठी दृश्यमानता ५ किलोमीटर लागते आणि ढगांपासून ठरावीक अंतर राखावं लागतं. ढग किती उंचीवर असतील याचा अंदाज घरबसल्या येतो. हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) यांतला फरक घ्या आणि दर अंशाला ४०० फूट धरा. जुलैच्या सकाळी तापमान २६, दवबिंदू २४. फरक २, म्हणजे ढग ८०० फुटांवर. सर्किट १००० फुटांवर. मग उडणार कसं? नोव्हेंबरच्या दुपारी तोच फरक १२-१४ अंशांचा असतो आणि आकाश मोकळं.

म्हणून मी म्हणते जूनमध्ये लेखी विषय सुरू करा. चार महिने घरी बसून नेव्हिगेशन, हवामान आणि नियम उरकता येतात. ऑक्टोबरमध्ये तळावर आलात की डोकं मोकळं असतं आणि समोर सलग कोरडा हंगाम. जूनमध्ये पूर्ण फी भरून वसतिगृहात पाऊस बघत बसण्यात काही अर्थ नाही.

आता एप्रिलची दुपार. बेळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण २,५०० फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाण तापमान १० अंश धरतात. दुपारी ३६ असेल तर २६ अंश जास्त झाले. दर अंशाला साधारण १२० फूट, म्हणजे ३,१०० फुटांची भर. विमानाला वाटतं आपण ५,६०० फुटांवर आहोत. हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, पंख्याची पकड कमी, पंखांना उचल कमी. धावपट्टी जास्त लागते आणि वर चढणं मंद होतं. शिवाय तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत उठतात, त्यात घारी गिरक्या घेत असतात. दुपारनंतर वळवाचे ढग. त्यामुळे त्या दिवसांत आम्ही पहाटे सुरू करतो आणि साडेदहा-अकराला आवरतो. हे आकडे विद्यार्थ्याने रोज स्वतः मांडावेत असा माझा आग्रह असतो. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हवामान घाटावर उपयोगाला येत नाही.

डाऊनविंड

ताई, लँडिंगबद्दल पण लिहा. मला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला.

सत्तरीची घार

सगळ्यांनाच लागतो. सेसना १७२ शेवटच्या टप्प्यात साधारण ६५ नॉट्सने येते, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. नवा विद्यार्थी विमानाच्या नाकासमोरच्या जमिनीकडे बघतो. ती अंगावर धावून येते, तो घाबरून हँडल ओढतो, विमान वर फुगतं आणि मग धपकन बसतं. नजर धावपट्टीच्या पार टोकाकडे न्यायची. तसं केलं की जमीन किती खाली आहे ते डोळ्याच्या कडेने कळतं. इंजिन पूर्ण कमी, आणि मग विमानाला टेकू द्यायचं नाही असं ठरवून हँडल हळूहळू मागे घेत राहायचं. वेग संपला की ते मागच्या दोन चाकांवर स्वतःच टेकतं.

आणि काही बिनसलं असं वाटलं तर इंजिन पूर्ण देऊन परत वर जायचं. माझा विद्यार्थी परत वर गेला तर मी त्याला कधीच बोलत नाही. जो ओढूनताणून उतरवतो त्याला मात्र बोलते.

गणित_मास्तर

गणिताचा एवढा उपयोग होतो हे वाचून बरं वाटलं. माझ्या वर्गात ढगांचं उदाहरण उद्याच घेतो. कर्जाबद्दलचं मत कायम आहे.

आबोली_फोंडा

ताई, आम्ही घरी बसून हिशेब मांडला. हे म्हणतात घर तारण ठेवायचं नाही, पण वाडीतला जमिनीचा एक तुकडा आहे. आधी मेडिकल, मग शनिवार-रविवार बेळगाव. तिथे आत उभं राहू देतात का? आणि क्लास टूचे डॉक्टर कुठे शोधायचे?

सत्तरीची घार

संस्थेला आधी फोन करून पालक म्हणून भेटायला येतो सांगा, आत जायला ओळखपत्र लागेल. आत सोडायला नाखूश असतील तर तेही एक उत्तरच समजा. शक्यतो शुक्रवार-शनिवार जा, काही ठिकाणी रविवारी उड्डाणं नसतात. मुलाला बोलू द्या, तुम्ही विमानं मोजा.

डॉक्टरांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. आधी मुलाचं डीजीसीएच्याच ईजीसीए पोर्टलवर खातं उघडा, जन्मदाखला आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव कुठे असतं कुठे नसतं, त्यावरून अर्ज परत येतात. तो फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करायला टाका, त्याला मेडिकलपेक्षा जास्त वेळ लागतो.